लिंबोणीला घातलेला धाक

प्रिय अण्णास,

काल मी शरणप्पाला मारायला उठले होते. गावाला काय, एकाचं धा करून सांगायची सवय. उलटंसुलटं तुज्या कानावर जायच्या आधी मीच लिवायलेय. अक्षराला हसू नको, तूच शिकवलंस.

युगादी जवळ आली म्हणून बाग हातात घेतली. तू गेल्यापासून अप्पा तिकडं फिरकत न्हाईत. हराळी किती माजलीय म्हणून सांगू? मोगऱ्याच्या बुडात घुसून बसलीय. कुदळीनं खणली, मुळ्या उपसून उन्हात टाकल्या, वाळल्यावर पेटवून दिल्या. मोगरा गुडघ्याइतका छाटला, राहिलेली पानं ओरबाडून काढली. तू म्हणायचास, दया केली की झाड आळशी हुतंय. मला तर दया करायचीच नव्हती. घावागणिक मी शरणप्पाचं नाव घ्यायली होते.

कुंपणापलीकडचा शरणप्पा, तुजा लंगोटीयार. गडबडीच्या सालात गावं लुटत फिरणारी खाकीवाली टोळी ज्वारी मागायला आली, तू दिली न्हाईस आन बागेतल्या खोपीत लपलास. त्यांनी शरणप्पाच्या नरड्यावर पाय दिला, त्यानं बोट दाखवलं. एवढंच केलं त्यानं. त्यांनी तुला लिंबोणीखाली कुऱ्हाडीनं तोडलं, आन मी आईचं तोंड दाबून कडब्याच्या गंजीमागं बसले होते. तू वरडला न्हाईस कामून? का वरडलास, आन मलाच ऐकू आलं न्हाई?

पुढं फौज आली, टोळी पळाली. शरणप्पाबी हैदराबादला पळाला. म्हातारी आई, नीलम्मा अक्का, हितंच टाकून गेला. औंदा संक्रांतीला परत आला आन रोज कुंपणाशी येऊन उभा राहायला लागला. मी त्याच्या तोंडावर थुंकायची.

तुला तोडलं तवापासून लिंबोणीला फळ न्हाई. औंदा मी सगळं तुज्या रीतीनं केलं. पौषात पाणी तोडलं, आळं खणून मुळ्या उघड्या पाडल्या, पानं गळूस्तोवर तहानेनं मारलं. मग शेणखत आन पोटभर पाणी. पालवी आली, कळी न्हाई. म्हणून काल धाक घालायला कुऱ्हाड घेऊन गेले.

धाकाला दोन माणसं लागत्यात. एकानं कुऱ्हाड उगारायची, तोडतोच म्हणायचं. दुसऱ्यानं मधी पडायचं, की नको, एक साल जाऊ दे, फळ धरल. कुऱ्हाड तुजी असायची आन गयावया माजी. काल अप्पांना बोलावलं, तर ते भिंतीकडं तोंड करून पडले. मग मी एकटीच उगारली आन म्हणाले, "तोडतेच हिला."

"नको तोडू, नागू," मागून आवाज आला. "एक साल जाऊ दे. फळ धरल."

बघते तर शरणप्पा. कुंपणाच्या खिंडारातून आत आलेला.

माजं डोस्कंच फिरलं, अण्णा. झाडासाठी गयावया करायला ह्याला तोंड हाय, मग तुज्यासाठी कामून नव्हतं? वळले आन उलटी कुऱ्हाड त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचं ऐकू आलं. तो खाली बसला. दुसरा घाव मांडीवर घातला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू? मग पातं त्याच्याकडं करून कुऱ्हाड उगारली.

"आता तुज्यासाठी कोण म्हणणार रे?"

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "घाल."

कुंपणापाशी नीलम्मा अक्का उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं हात जोडले असते ना, तर तिच्या देखत मी घाव घातला असता. माज्या आईनं कुणाला हात जोडायचे होते, असं विचारून घातला असता. पण तिनं पदर तोंडात धरला आन मान खाली घातली. एकुलता एक ल्योक, आन माय असून तिला मागायला तोंड उरलं नव्हतं. मधी पडायला कुणी नव्हतं. माजे हात भरून आले. शेवटी मीच म्हणाले, "नको. एक साल जाऊ दे."

अक्का आत आली आन त्याला उठवून घेऊन गेली. जाताना माज्याकडं बघितलंबी न्हाई तिनं.

आज सकाळी तुजी समाधी सारवली. आपल्यात माणसाला बसवून पुरत्यात, म्हणून मला तू नेहमी बसलेलाच दिसतोस, मांडीवर हात ठेवून, गप. लोक म्हणत्यात, अण्णा शांत झाला. खरं हाय का? तुजं काळीज पहिल्यापासून लोण्याचं. कुणी येऊन पाया पडला की तू इरघळलास. मला त्याचंच भ्या वाटतंय.

तुला शब्द देते. सालभर शरणप्पाला हात लावणार न्हाई. लिंबोणी धरो न धरो, तिला पाणी घालीन. खिंडार बुजवणार न्हाई. त्याला यायचं आसंल तर त्यानं माज्या डोळ्यासमोरून यावं. पुढचं मला ठावं न्हाई, म्हणून सांगत न्हाई.

पण माज्याआधी तू त्याला माफ करू नको, अण्णा. ह्या रागात मला एकटीला सोडून जाऊ नको.

तुजीच,
नागू