चार कॉर्डांची चोरी

कशेडी घाटाखालची वाडी, पोलादपूर
५ मे २०२५

ती. मंगेशदादास,

तुझ्या बारकीचा वाकून नमस्कार. वि. वि. शुभम पाच महिन्यांचा झाला, बरा हाय. मी बरी नाय. रेंज फक्त ओटीवर येते आणि ओटीवर सासूबाई, म्हणून हा कागद मुंबईच्या गाडीवरच्या अक्षयच्या हाती धाडते.

दादा, मी चोर ठरले रे. शुभमला झोपवायला मी माझ्या मनानं पाळण्याचं गाणं जोडलंय. नाचाच्या मंडळाचे येसाजीबुवा दारावरून जाताना थांबले नि म्हणाले, ही तर माझ्या गवळणीची चाल! रविवारी गावकीत नारळ ठेवून माफी माग आणि परत ही चाल तोंडातून काढू नको. सासूबाई म्हणतात, माग नि मोकळी हो. पण पोरगं दुसऱ्या कशानं झोपतच नाय. आणि सून चोरटी म्हणून वाडीत नाव पडलं तर? ह्यांना सांगितलं तर हसतात. तू वरातीच्या बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवतोस, खरं सांग, मी चोरली काय? मला तर झोप नाय.

लोभ असू दे.
सारिका

मुंबई
८ मे २०२५

चि. सौ. सारिकेस,

आशीर्वाद. भाच्याला पापा. अगो येडे, कैऱ्या चोरताना नाय घाबरलीस ती!

तुझा पाळणा मी बारशाला ऐकलाय, बुवांची गवळण गणपतीत. चाली दोन हायत, खालचं जोतं एक. कीबोर्डवर तीन तीन पट्ट्या एकदम दाबल्या की एक कॉर्ड. अशा चार कॉर्ड फिरवत राहिलं की वर पन्नास गाणी बसतात. वरातीत आम्ही तेवढ्यावर तासभर काढतो, नवरदेवाला पत्ता नाय लागत. आणि बुवांनी गवळण कुठून उचलली? त्यांनी ती बांधली त्या साली गल्लोगल्ली त्याच चालीचं सिनेमाचं गाणं वाजत होतं!

भांडू नको. नुसत्या चार कॉर्ड मेमरी कार्डात भरून अक्षयसोबत धाडतोय. मोबाईलात घालून गावकीत लाव, बुवांनाच गायला सांग, मग गप बस. जमेल ना गप बसायला?

तुझा दादा

वाडी
१७ मे २०२५

ती. दादास,

नमस्कार. तुझ्या कार्डानं काय करून ठेवलंस!

रविवारी गावकीत लावलं. बुवांनी झोकात गवळण म्हटली, बरोब्बर बसली. तोच म्हाताऱ्या रंगूबाईनं त्याच्यावर हळदीचं गाणं धरलं. गावकीचे मुख्य कोंडाजी, त्यांनी भजन. आणि सासूबाई! सिनेमातलं प्रेमाचं गाणं म्हणाल्या नि पदरात तोंड लपवलं. मग जो तो म्हणे, चाल माझी, तू चोर. कोंडाजी वैतागले. त्यांनी निकाल दिला, मालक सापडेपर्यंत ही चाल वाडीत कोणीच गायची नाय.

मी रडत घरी आले. तीन दिवस पोरगं नुसतं किंचाळत होतं.

गुरुवारी बुवांच्या लेकीची, सरिताची हळद. हळदीची गाणी सगळी त्याच चालीची, म्हणून बायका तोंडं मिटून हळद लावायला बसल्या. रंगूबाई म्हणाली, गावकीचा शब्द म्हणजे शब्द. मयताला बसल्यासारखा मांडव! शेवटी बुवा आमच्या ओटीवर आले. म्हणाले, बाय, तू सुरू कर, तुझ्यामागून सगळ्या गातील. मी म्हटलं, बुवा, मी तर चोर. ते मान खाली घालून म्हणाले, मग मला पण टोळीत घे.

मी मांडवात पाळणा धरला, बुवांनी ढोलकी. मागून सगळ्या बायका. कोंडाजी बाहेर उभे होते, ते पण टाळ घेऊन आत आले. एवढ्या कालव्यात शुभम सासूबाईंच्या मांडीवर ढाराढूर.

पुढच्या हळदीला कार्ड नको, तूच ये. टोळीला कीबोर्डवाला हवाय.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी चोरटी सारिका