महिन्यानंतर आलेली बातमी

कॅसल हिल, सिडनी
सोमवार, ८ जुलै २०२४

चि. सॅमसन यास हन्नाताईचा शालोम.

मी बरी आहे. छातीचे टाके सुकले. इथे भर जुलैत थंडी. रूबेन आणि सूनबाई सकाळी कामाला गेले की घरात मी आणि फ्रिज. तो तरी मधूनमधून घुरघुरतो. मंगळवारी तू फोनवर ते सांगितलंस, तेव्हा मी फोन ठेवून दिला. लाइन तुटली नव्हती.

रूबेनची तालिया युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत आहे. तिचा निबंध चाललाय, रोमन राजांच्या वेळी आपले ज्यू लोक कुठे कुठे राहत, कसा प्रवास करीत. मी विचारलं, "त्यात आपलं नवगाव आहे का गं? आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं ते?"

"आजी, मॅपवर नाहीये. नो एव्हिडन्स."

म्हटलं, बुडणाऱ्यांची पावती घ्यायची राहिली असेल.

ती सांगते, तेव्हा लोक सणाला जेरुसलेमला जायचे. कोणी अलेक्झांड्रियाहून, कोणी थेट रोमहून. हिवाळ्यात जहाजं बंद, आपली रेवसची लाँच पावसाळ्यात बंद असायची तशी. घरचं माणूस गेलं तरी लांबच्याला कळायला ऋतू उलटायचा. म्हणून शहाण्यांनी ठरवलं म्हणे, बातमी महिन्याच्या आत आली तर सात दिवस दुखवट्याला जमिनीवर बसा. उशिरा आली तर एक तास पुरे.

त्यांच्याकडे गलबतं होती, सॅमसन. तुझ्याकडे मोबाइल आहे. त्यावरून तू मला रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवतोस. मेमध्ये आपली मिलकाआक्का गेली, तिला पुरलंत, त्या दिवशीही पाठवलीस.

रूबेनलाही माहीत होतं. म्हणतो, "मम्मी, तुझं ऑपरेशन झालेलं. आता तासभर बस, रब्बींना विचारलंय, नो वरीज." दोघांनी मिळून माझी सोय बघितलीत.

बसले हॉलमधल्या कार्पेटवर. अलिबागला असते तर थळकर-पेणकरांच्या बाया दुखवट्याची उकडलेली अंडी घेऊन आल्या असत्या. आक्का पत्त्यांत कशी लबाडी करायची ते कोणीतरी काढलं असतं, आणि हसलो असतो. इथे कोण काढणार? तालिया शेजारी येऊन बसली. पोरगी चांगली आहे, पण आक्काला तिने व्हिडिओवरच पाहिलेलं.

"वॉज शी नाइस, आजी?"

"नाही. भांडकुदळ होती."



तास झाला, रूबेनने उठवायला हात पुढे केला. मी उठले नाही. आज सातवा दिवस. पत्रही इथूनच लिहिते आहे, म्हणून ओळी वाकड्या. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईच्या चुका काढू नकोस.

आता आपण दोघंच उरलो. माझं झालं की त्याच दिवशी तुला फोन येईल, तालियाकडून कबूल करून घेतलंय. रूबेनचा भरवसा नाही. तेव्हा तासावर भागवू नकोस. पूर्ण बस. आणि तुझं काही झालं तर तुझ्या बायकोला सांगून ठेव, आधी माझी तब्येत विचारू नये.

तुझी, जिला सगळं सांगितलेलं चालतं ती बहीण,
हन्ना