यंदाचा बाटलीमसाला

११ एप्रिल, शनि.
लॅबमधून सुटल्यावर एव्हरशाईन वसाहतीजवळच्या मैदानातला हस्तकला बाजार. एका बाजूला टोपल्या, माठ, चादरी. दुसऱ्या बाजूला देशभरचं खाणं. मी टोपल्यांसाठी गेले नव्हते. जानेवारीत ताप आला, तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. सर्दी नाही, दुखत नाही, फक्त वास नाही. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू, उग्र काहीतरी हुंगत राहा. सुरुवात बंगालच्या स्टॉलपासून. मोहरी वाटून केलेला मासा. डोळ्यांतून पाणी आलं, नाकात काही नाही. मीठ बरोबर होतं.

१२ एप्रिल, रवि.
चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर गावी, आईकडे. गच्चीवर मिरच्या पसरल्यात. भावजय सुजाता देठं खुडत बसलेली. आईने दिवस ठरवूनच टाकलाय, पंचवीसला मसाला भाजायचा. "लवकर ये. तुझ्या नाकाशिवाय कढई उतरवायची नाय."

बाटलीमसाला म्हणजे बाटल्यांत ठासून ठेवायचा, चार घरांचा, वर्षभराचा मसाला. धणे, तीळ, खसखस, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा. नेमका वास सुटला की 'बस' म्हणायचं. गेली दहा वर्षं हे काम माझं. एक जिन्नस करपला की सगळ्या बाटल्या कडू. सुजाताच्या लग्नाला सात वर्षं झाली, ती अजून देठांवरच. माहेर फुलपाड्याचं, मूळ मालवणकडचे. आईच्या मते तिला 'आपला वास' कळत नाही.

नाक गेल्याचं मी घरी सांगितलेलं नाही. आजही नाही सांगितलं.

१४ एप्रिल, मंगळ.
नागालँड. आंबवलेल्या सोयाबीनमधलं डुकराचं मांस. शेजारच्या टेबलावरची बाई नाकाला पदर लावून उठली, नवऱ्यालाही उठवलं. मी शांतपणे जेवले. मांस मऊ, तिखट जबर. लोकांची तोंडं बघून वास किती असेल त्याचा अंदाज केला. चांगलाच असावा.

१५ बुध.
राजस्थान. दाल-बाटी. तूप दिसलं. बस एवढंच.

१७ एप्रिल, शुक्र.
बिहारचा स्टॉल, लिट्टी-चोखा. गर्दी होती, उन्हाने जीव नकोसा. वांग्या-बटाट्याचा चोखा अर्धाअधिक संपवला होता, तेवढ्यात स्टॉलवाली धावत आली आणि ताटलीच ओढली. सकाळचं पातेलं चुकून वाढलं गेलेलं. "दीदी, ये तो सड़ गया है! आपको बास नहीं आई?" मी म्हटलं, लक्ष नव्हतं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग हळूच, "कब से?" जानेवारी, म्हटलं. तिने ताजा चोखा दिला आणि मी खाईपर्यंत समोर उभी राहिली. नवल म्हणजे सांगितलं कुणाला, तर दरभंग्याहून आलेल्या या अनोळखी बाईला.

घरी आल्यावर दोनदा उलटी. भीती वाटते. पोटाची नाही, पंचवीस तारखेची.

१९ रवि.
बाजाराचा शेवटचा दिवस. पुन्हा बंगाल, पुन्हा मोहरी. पुन्हा डोळे तेवढे पाणावले. गावी गेले नाही, फोनवर डोकं दुखतंय म्हटलं. आई म्हणाली, पंचवीसपर्यंत बरी हो. रंगावर भाजता येईल का? धणे येतील. तीळ तडतडतात, म्हणजे कानावर येतील. दगडफुलाचं काय करायचं?

२५ एप्रिल, शनि.
सकाळी सातला चूल पेटवली. आई स्टुलावर, हातात उलथनं. मी शेजारी. सुजाता दाराशी मिरच्यांच्या ढिगात. धणे रंगावर उतरवले, जमलं. मग तीळ. तडतडायला लागले तेव्हा लक्षात आलं, आई कढईत बघतच नाही, माझ्या तोंडाकडे बघतेय. मला ते सहन झालं नाही. म्हटलं, "आई, मला वास येत नाही. जानेवारीपासून."

आईचा हात थांबला. चिडेल वाटलं होतं. ती म्हणाली, "मला पन नाय येत. तुझा बाबा गेला त्या सालापासून." सहा वर्षं झाली. "मग कसं करायचीस?" "तुझं तोंड बघून. तू डोळे बारीक केलेस की उतरवायची. बोलले असते तर तुम्ही मला चुलीपासून उठवलं असतं."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दारातून सुजाता ओरडली, "आई! ताई! तीळ करपले, तुम्हाला वास येत नाही का?"

आईने कढई उपडी केली आणि तीळ कोंबड्यांपुढे फेकले. मग स्टूल मागे सरकवलं, उलथनं सुजाताकडे केलं. "ये. हात धू आधी, मिरची लागलीय."

सुजाताने हात धुतले. नवे तीळ, मग खसखस, मग बाकी सगळं. प्रत्येक वेळी ती आईकडे वळून विचारायची, "झालं?" आणि आई म्हणायची, "तू सांग."

२६ एप्रिल, रवि.
कांडपवाल्या बायका कालच कांडून गेल्या. आज बाटल्या भरल्या, दांड्याने ठासून. रंग दरवर्षीपेक्षा काळपट. खसखस जरा पुढे गेली असावी, किंवा तिच्या माहेरी तशीच भाजत असतील. आईने चिमूट जिभेवर ठेवली. मीही ठेवली. तिखट.

सुजाताला विचारलं, कसा झालाय? तिने बाटलीला नाक लावलं, म्हणाली, "मस्त वास आहे, ताई." आपल्या घरचाच आहे का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. आईलाही.