एका घरात दोन जानकी

मी हे मृत्युपत्र लिहायला बसले त्याचे कारण आजारपण नाही. गेल्या महिन्यात कचेरीतल्या कारकुनाने माझा जामसंड्याचा सातबारा आणि माझे आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, "मावशी, ह्या जानकीबाई तुमच्या कोण?"

"मीच," मी म्हटले.

"तसं कागदावर दिसत नाही."

म्हणजे उद्या मी मेले तर सारिका मरेल. जानकी कागदोपत्री जिवंत राहील, अकरा हापूस कलमांची मालकीण म्हणून, आणि माझी मुले तिचे वारस शोधत फिरतील. त्यात चार दिवसांपूर्वी मुंबईहून माझ्या मुलाचा, विनीतचा, फोन आला. त्याबद्दल पुढे लिहिते.

तरी मी, माहेरची जानकी शंकर पुजारे, सासरची सारिका गुरुदास हडकर, वय एकोणसत्तर, शिक्षण बी.ए., राहणार मालवण, असे लिहून देते की माझे डोके ठिकाणावर आहे, चष्म्याचा नंबर दिवाळीआधीच तपासला आहे आणि हे लिहिताना माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. तशी या घरात कोणाची छातीही नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, ती अशी.

माझे नाव माझ्या आतेने, चंद्रावतीने, बारशाला ठेवले. घरात सगळे मला 'बाय' म्हणत, पण शाळेच्या पटावर, कोल्हापूरच्या कॉलेजात आणि पदवीच्या कागदावर मी जानकी होते. फोंडाघाट चढून जाणाऱ्या एसटीत चार वर्षे जाऊन-येऊन मिळवलेली ती पदवी आहे. कॉलेजात हजेरी घेताना सर पूर्ण नाव वाचत. एवढ्या मोठ्या वर्गात ते नाव ऐकून उभे राहायला मला आवडायचे.

मे १९८० मध्ये लग्न झाले. लग्नाच्या आदल्या दिवशी ध्यानात आले की सासूबाईंचे नावही जानकी. दोन्हीकडच्या माणसांनी पत्रिका जुळवल्या, मानपान ठरवले, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "घरात जानकी म्हणान हाक मारली तर ओ कोणी देवची? सासवेन काय सुनेन?"

आते म्हणाली, "मगे तुमी बदला तुमचा!"

"माजा नाव ह्या घरात तीस वर्सा आसा. ता काय आता पेटयेत घालून ठेवू?"

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी तांदळाचे ताट पुढे आले. नवऱ्याने अंगठीने त्यात नवे नाव लिहायचे. ह्यांनी काहीच ठरवले नव्हते. ह्यांचे धाकटे भाऊ दाजी कोपराने ढोसून म्हणाले, "लिही रे, भटजींका जेवणाची घाई आसा." ह्यांनी 'सारिका' लिहिले. रात्री मी विचारले, हे कुठून सुचले? म्हणाले, त्याच आठवड्यात आमच्या दोर-जाळ्यांच्या दुकानातून एका ट्रॉलरसाठी दोर गेला होता, तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, ते नाव होते. ती ट्रॉलर १९९४ साली मोडीत काढली. मी आहे.

२. मालवणचे राहते घर, परसातल्या सात माडांसह, विनीत आणि सून अक्षदा यांना समाईक. घर सारिकाच्या नावावर आहे, तिथे अडचण नाही. पश्चिमेची खिडकी पावसाळ्याआधी दरवर्षी रंगवावी लागते. "पुढल्या वर्षी बघू" हे त्या खिडकीला कळत नाही.

३. जामसंड्याची अकरा कलमे, जी माझ्या वडिलांनी मला जानकी म्हणून दिली, ती माझी मुलगी स्वप्ना हिला.

यामागे कारण आहे. २००६ साली फोंडाघाटला स्वप्नाचे लग्न झाले तेव्हा तिकडच्या मंडळींना नाव बदलायचेच होते. त्यांनी 'तन्वी' काढले. तांदळाचे ताट धरून मी उभी होते. स्वप्नाने एकदा माझ्याकडे पाहिले. मी बी.ए. झालेली, दुकान चालवणारी, जाळ्याचा भाव पाडून मागणाऱ्या होड्यांवरच्या तांडेलांना गप्प करणारी बाई. आणि मी गप्प राहिले. आज फोंडाघाटात तिला स्वप्ना म्हणून कोणी ओळखत नाही. कलमांनी त्याची भरपाई होत नाही, मला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर मात्र तिने 'स्वप्ना' असेच लावून घ्यावे.

४. बँकेतली ठेव दोघा मुलांना निम्मी निम्मी. यावर अधिक काही लिहिण्यासारखे नाही.

५. दुकानातला मोठा तराजू, दोर कापायचा कोयता आणि जाळे शिवायच्या लाकडी सुया बाबलीला. वीस वर्षे त्याने आमच्याकडे दोर मोजून दिला आणि एकदाही वीतभर कमी दिला नाही. सुया त्याने वापराव्यात, भिंतीवर टांगू नयेत.

६. आमची बांबूची शिडी दाजींनी १९९८ च्या गणपतीत नेली. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी, पण ती आमची आहे हे त्यांनी एकदा चारचौघांत कबूल करावे.

७. माझ्या पदवीचा कागद अक्षदाकडे द्यावा. ती शिकवते, तिला त्याची किंमत कळेल.

१९८१ साली मलाही मराठीच्या शिक्षिकेची जागा मिळत होती. पदवी जानकीची आणि लग्नाचा दाखला सारिकाचा, म्हणून राजपत्रात नावबदल छापून आणा असे सांगितले. अर्ज मी भरला. टपालात टाकतो म्हणून ह्यांनी नेला. जागा दुसरीला गेली. २००९ मध्ये हे गेल्यावर दुकानाचा खण आवरताना तो अर्ज सापडला, तिकीट चिकटवलेल्या पाकिटात. विसरले की मुद्दाम ठेवला, मला माहीत नाही. माणूस विसराळू होता, देवळातून दुसऱ्याच्या चपला घालून यायचा. पण सासूबाईंना मी नोकरीला गेलेली नको होती, हेही खरे. विचारायला कोणी उरले नव्हते.

सासूबाई त्याआधीच, १९९१ साली गेल्या. शेवटच्या दुखण्यात त्यांचे सगळे मी केले. एकदा अंग पुसताना म्हणाल्या, "तुझा नाव मी घेतलंय. तुका राग आसा मां?" मी म्हटले, "पाठ वळवा." एवढेच. तेव्हा राग होता. आता थोडाच आहे.

८. नातीच्या नावाबद्दल.

अक्षदाची मुलगी आज अकरा दिवसांची आहे. उद्या बारसे. विनीत फोनवर म्हणाला, "आये, चेडवाचा नाव जानकी ठेवतंव. आज्येचा नाव. मधी अक्षदाचा, मगे माजा. बाबांका बरा वाटला असता."

मी "बरा" म्हटले आणि फोन ठेवला.

विनीत, तुला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मामाकडे मी बाय, इथे सारिका. मला जानकी म्हणून मारलेली हाक तुझ्या कानावर कधी पडलीच नाही. पंचेचाळीस वर्षांनी ते नाव घरात परत येते आहे आणि तेही ज्यांच्यामुळे गेले त्यांच्या आठवणीसाठी. त्या रात्री मी या कागदाचा पहिला मसुदा लिहिला. त्यात अट होती: मुलीचे नाव माझ्यावरून ठेवले असे बारशात सर्वांना सांगितले तरच घर मिळेल. सकाळी वाचून पाहिले आणि फाडला. नाव माझे म्हणून लागावे असे मला वाटते, हे लपवत नाही. पण घर दाखवून नाव मागणे आणि ताट दाखवून नाव काढून घेणे यात मला फरक दिसला नाही.

म्हणून स्पष्ट लिहिते की या मृत्युपत्रातली कोणतीही वस्तू नातीच्या नावावर अवलंबून नाही. जानकी पहिले ठेवा, मधे ठेवा, ठेवूच नका. ते अक्षदाने ठरवावे, कारण नऊ महिने तिने काढले. बारशात आत्याने मुलीच्या कानात सांगायचे तेही अक्षदाला विचारून स्वप्नाने सांगावे. जे ठेवाल ते मुलीच्या लग्नात कोणी बदलू नये. तांदूळ आणले तर शिजवावेत.

९. व्यवस्था पाहण्याचे काम स्वप्नाने करावे. ती विनीतपेक्षा वेळ पाळते. माझ्या मागे जेवणावळ घालू नये. मृत्यूच्या दाखल्यावर दोन्ही नावे घालून घ्यावीत, मध्ये 'ऊर्फ'.

साक्षीदारांना या कागदातून काही मिळत नाही. त्यांना चहा दिला आहे.

साक्षीदार:
१. गुणाजी तांडेल, शेजारी. (सही करण्यापूर्वी म्हणाले, "वैनी, पंचेचाळीस वर्सा मी तुमका सारिका वैनी म्हणतंय. आता सही खंयच्या बायलेची बघू?" मी म्हटले, "दोघींची बघा, आणि पेन सरळ धरा.")
२. डॉ. सुदेश परब, माझी प्रकृती तपासून.

लिहून देणार: जानकी शंकर पुजारे ऊर्फ सारिका गुरुदास हडकर
(दोन्ही सह्या केल्या आहेत. पहिली करताना 'की' जरा वाकडी आली, सवय राहिली नाही.)

ठिकाण: मालवण. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५.

हवाली केल्याची नोंद, त्याच दिवशी, दुपारी चार वाजता:

वरील सर्व मजकूर मी विनीत, अक्षदा आणि स्वप्ना यांना मोठ्याने वाचून दाखवला. विनीत बारशासाठी सकाळीच मुंबईहून आला आहे. "आये, तू सांगूक नाय कधी" एवढेच तो म्हणाला. स्वप्ना उठून चूळ भरायला गेली आणि उशिरा परत आली.

स्वप्ना हिला दिले: मूळ मृत्युपत्र, सातबारा, बँकेची पासबुके दोन.
अक्षदा हिला दिले: पदवीचा कागद. घराच्या किल्ल्या तीन.

अक्षदाला मी विचारले, काय ठरवलेस. ती म्हणाली, "आई, जानकीच ठेवणार. पण तुमच्यावरून नाही आणि त्यांच्यावरूनही नाही. मला ते नाव आवडतं. ते तिचंच असू दे."

उत्तर मला पटले. तसे मी तिला सांगितले.

अक्षदाकडून मला मिळाले: मुलगी, एक. वजन तीन किलो शंभर ग्रॅम. नावाने हाक मारून पाहिली. डोळे उघडले, पुन्हा मिटले. वीस मिनिटांनी जशीच्या तशी परत दिली.