मधली जागा

ओव्हिड, मिशिगन
६ ऑक्टोबर १९९७

चि. रॉक्सॅन हिस, ग्लेनदादाचे आशीर्वाद.

आईबाबांच्या लग्नाच्या पन्नाशीला तू पाठवलेली नवी गाडी पोचली. अंगणात उभी आहे, आणि उभीच आहे. तिच्यात सात कप ठेवायची सोय आहे. माणसं दोनच, तेव्हा उरलेल्या कपांसाठी पाहुणे बोलवावे लागतील, असं बाबा म्हणतात. दार उघडं राहिलं की ती वाजते, पट्टा लावला नाही की वाजते, किल्ली विसरली की वाजते. एवढी कटकट तुमच्या आजीनंसुद्धा कधी केली नाही, हेही तेच म्हणाले.

खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या गाडीची पुढची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग होती. खिडकीकडची जागा रिकामी असली तरी आई मधे, बाबांना खेटून बसायची. गाव हसायचं. आता तिला आपली नावं आठवत नाहीत, पण ती जागा आठवते. नव्या गाडीत तिथे तुमच्या कंपनीनं खोका बसवलाय. पहिल्याच रविवारी ती कपांच्या खळग्यांवर बसायला गेली. बाबांनी कडेच्या सीटवर बसवलं, तर परक्याच्या गाडीत कोंडलं म्हणून चालत्या गाडीचं दार उघडायला लागली. तेव्हापासून चर्चला जाणं बंद. दर रविवारी हॅट घालून ती पायरीवर वाट बघत बसते आणि बाबा घरात येरझाऱ्या घालतात. मी गाडी चालवतो म्हटलं, तर माझे हात गळून पडलेत का, असं त्यांनी विचारलं. लग्न झाल्यापासून त्यांनी चाक दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलं नाही, हे तुला ठाऊक आहे.

तो खोका काढता येईल का, तेवढं तुमच्या कचेरीत विचार. देव तुला सुबुद्धी आणि सुट्टी दोन्ही देवो.

तुझा,
ग्लेनदादा

डेट्रॉइट
१० ऑक्टोबर १९९७

ती. दादास, रॉक्सॅनचा सा. नमस्कार.

तुझं आभाराचं पत्र मिळालं, भरून आलं. खोका निघत नाही. गिअरचा दांडा त्यातच आहे. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले की ग्राहकांची रीतसर पाहणी झाली आहे, पुढे मधे बसणं कुणालाच नको असतं. त्या पाहणीत आमची आई नव्हती, हे मी ओठांवर आणलं नाही. नोकरी टिकवायची आहे.

तसे आमच्या धंद्याचे या देशावर उपकार थोडे नाहीत. तू शाळेत होतास तेव्हा गाड्यांना मागे विमानासारखे पंख लावले. उडाली एकही नाही. मग इंजिनं इतकी दांडगी केली की पेट्रोल पंप सोबत न्यावा. पुढे तेलाचा तुटवडा पडला, पंपावर रांगा लागल्या, तेव्हा गाडी आखूड केली आणि लोकांना वाईट वाटू नये म्हणून तिला बाहेरून लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवला. नंतर तिला बोलायला शिकवलं. आता कप. पुढच्या पिढीची कॉफी सांडणार नाही, एवढं तरी पुण्य गाठीला राहील.

नवीच्या बदल्यात दिलेली जुनी गाडी परत मिळवावी म्हटलं, तर विक्रेत्याने ती भंगारात दिली आणि तिचा ठोकळाही झाला. तशीच दुसरी शोधते आहे. पण तोवर आई त्या पायरीवर वाट बघणंही विसरेल, ही धास्ती आहे. तुझ्या देवाच्या कानावर घाल. माझं नाव सांगू नकोस, उगाच काम अडेल.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
रॉक्सॅन

ओव्हिड
२० ऑक्टोबर १९९७

चि. रॉक्सॅन हिस, आशीर्वाद.

दुसरी गाडी शोधू नकोस. काल सकाळी आई नेहमीसारखी हॅट घालून बसली होती. बाबा बाहेर आले, बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. मग त्यांनी मागचं दार उघडलं, आधी स्वतः आत शिरले आणि आईला हात दिला. मागची सीट सलग आहे. ती त्यांना खेटून मधे बसली आणि खिडकीकडची जागा रिकामी ठेवली. बाबांनी किल्ली माझ्यापुढे धरली. बाबांना मागे बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

वाटभर त्यांनी माझी सालं काढली. ब्रेक उशिरा लावतो, वळण रुंद घेतो, गाय बरी चालवेल. हा ड्रायव्हर कोण, असं आईनं विचारलं. नवीन ठेवलाय, कामात कच्चा आहे पण फुकट मिळाला, असं बाबांनी सांगितलं. ती त्यांच्या खांद्यावर मान टाकून गाडी छान आहे म्हणाली. ते तुझ्याकडे पोचवतो.

प्रार्थना संपल्यावर बाबांनी नदीकडच्या लांबच्या रस्त्यानं गाडी घ्यायला लावली. मी मागे वळून पाहिलं नाही. चर्चमधून निघालो तरी चर्चमध्येच असल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या गाड्यांची चित्रं आता तुमच्याकडे सुरू झाली असतील. मागच्या सीटवरही मधे एखादा खोका ठेवावा असं कुणा हुशार माणसाला सुचलं, तर त्याला रविवारी आमच्याकडे जेवायला पाठव. बाबा त्याला नेमकं कुठे बसवायचं ते बघतील.

येत जा. लोभ पत्रातच पुरता संपवू नकोस.

तुझा,
फुकटचा ड्रायव्हर