बारीक पायाचा डायोड

सोमवार, ९ जून
टिपरच्या हौद्याचा कंट्रोल बोर्ड परत आला. दीड महिन्यात हा तिसरा. हौदा अर्ध्यावर थांबवायला बटण सोडलं, तरी व्हॉल्व्ह उघडाच राहिला. हौदा धाडकन खाली. मागं फळी काढणारा ड्रायव्हर थोडक्यात वाचला. टिपर कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, शनिवारपर्यंत लेखी कारण द्या."
जेवण गेलं नाही.

मंगळवार, १०
बोर्ड उघडला. व्हॉल्व्हच्या कॉइलचा करंट तोडला की उलटा झटका येतो, तो झेलायला डायोड असतो. माझ्या ड्रॉइंगमध्ये तीन अँपियरचा आहे. इथं एकचा! बारीक पाय, भोकात सैल, वर सोल्डरचा गोळा. आधी तो जळाला, मग ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, म्हणून व्हॉल्व्ह बंदच होईना. बाकीच्या दोन्हींत तेच.
माल रऊफभाई आणतात. अकरा वर्षं मुकुंदवाडीतलं हे वर्कशॉप आम्ही दोघंच चालवतो. ड्रॉइंग माझं, खरेदी आणि जोडणी त्यांची. विचारलं नाही. आधी बघू.

बुधवार, ११
फोन आला की रऊफभाई बाहेर जाऊन बोलतात. आधीपण जायचे का? ध्यानात नाय.
शहागंजला अर्ध्या तासाचं काम. अडीच तासांनी आले. "ट्रॅफिक लई होतं, ताई." आल्याबरोबर फॅनखाली बसले. माझ्याकडं बघितलं नाही. की मीच बघितलं नाही?

शुक्रवार, १३
ते जुम्म्याच्या नमाजला गेले. त्यांचा खण उघडला. लाज वाटत होती, तरी उघडला. वहीत, मार्चच्या पानावर: 'तीनचा मिळत नाही. एकचा लावू का, ताईंना विचारलं. हो म्हणाल्या.'
सगळं पान निळ्या शाईत. ही एकच ओळ काळ्या.
आल्यावर वही समोर ठेवली. त्यांनी ती मिटली.
"माझा खण उघडला तुम्ही?"
"मी हो कधी म्हणाले?"
"पिशोरला होता तुम्ही, पुतणीच्या लग्नात. फोन केला होता मी. मागं बँड वाजत होता."
"आणि ही शाई?"
"पेन संपला असंल. मुझे क्या याद, ताई."
मोबाइल बघितला. त्या दिवशी त्यांचा फोन आलाय. दीड मिनिट. माझ्या तोंडून काय निघालं असंल, काही केल्या आठवेना. त्या बँडच्या आवाजात मी कशालाही हो म्हटलं असतं.

शनिवार, १४
कंपनीला लिहून दिलं: 'कमी क्षमतेचा डायोड लावला गेला. आमचे बोर्ड असलेल्या सगळ्या गाड्या आज उभ्या करा.' कुणी लावला, ते लिहिलं नाही. रऊफभाईंनी वाचलं, माझ्या सहीखाली आपली सही केली. मी न सांगता.
कंपनीचा फोन: "पुढचं काम द्यायचं का नाही, ते नंतर बघू."

मंगळवार, १७
सगळे बोर्ड परत आले. एकाच टेबलावर समोरासमोर बसलो. बारीक डायोड काढायचे, जाड बसवायचे.
त्यांनी केलेला प्रत्येक बोर्ड मी परत मीटरवर तपासत होते. त्यांनी पाहिलं. हात पुसले, मी केलेल्या गठ्ठ्यातला एक बोर्ड उचलला, आणि मीटर आपल्याकडं ओढून घेतला.