नवी मेमरी बसवली ते चार दिवस

सर, तुमच्यापुढं माझं तोंड कधी उघडलं नाही, आणि आता तुम्ही नाही तर पेन चालवायला बसले आहे. काय म्हणावं या शहाणपणाला!

सोलापुरातल्या आपल्या मिलमध्ये कॉम्प्युटर आला तेव्हा लोक खिडकीतून डोकावून बघायचे. कपाटाएवढं धूड, पुढं दिव्यांच्या आणि खटक्यांच्या रांगा. कुठल्या मागाला कुठलं सूत, याची यादी ते काढायचं, पण मेमरी कमी पडायची आणि अर्ध्यातच अडायचं. मेमरी वाढवा म्हणून तुम्ही वर्षभर मॅनेजरसाहेबांच्या मागं लागलात. ते एकदाचे हो म्हणाले आणि सगळ्यांदेखत बजावलं, "शनिवारपर्यंत चाललं नाही तर मशीन मुंबईला परत, आणि तुम्ही सुताच्या गोदामात." तुम्ही नुसते हसलात. मशीनला माहिती द्यायच्या कार्डांना भोकं पाडायला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलेली मी एकटी बाई. वडिलांचा हात मागात सापडल्यापासून घर माझ्यावर होतं. मशीन गेलं की मीही घरी.

मंगळवारी मेमरीची ती पाटी आली. हातभर लांब, एका कडेला सोन्याच्या मुलाम्याचे बारीक दात, तेच मशीनच्या खाचेत बसायचे, त्यांच्यातूनच वीज जायची. तुम्ही बसवायला घेतलीत तर शिपाईमामा आडवे. "पूजा केल्याबिगर लावायची न्हाय, सायेब. साधा माग आला तरी नारळ फोडतो की आपण!" तुम्ही म्हणालात, "फोडा, पण बाहेर फोडा, पाणी उडायला नको." हळदीकुंकू बाईमाणसानं वाहायचं म्हणून मला पुढं केलं. मी मेली सवयीची गुलाम. रोज कपाळाला लावते तसं आधी मेण लावलं, त्यावर कुंकू टेकवलं. कोरडं कुंकू ठरतंय कुठं? आणि लावलं ते नेमकं त्या सोनेरी दातांवर. तीच जागा मानाची वाटली. तुम्ही म्हणालात, "आता पुसून घे गं, नीट." मी पदरानं पुसलं. लाल गेलं तसं मला वाटलं झालं.

तुम्ही खटके लावता, बटण दाबता. दिवे एकदा लुकलुकतात आणि जागच्या जागी थिजतात. पुन्हा करता, पुन्हा तेच. नवी पाटी काढली की मशीन सुरू, बसवली की ठप्प. मागचं दार उघडून तुम्ही एकेक तार बोटानं चाचपत बसलात. बुधवारी डबा उघडलाही नाही. मध्येच माझ्याकडं वळून विचारलंत, "नीट पुसलं होतंस ना?" मी म्हटलं, "व्हय सर." परत कधी विचारलं नाहीत. माझ्या शब्दावर विसंबून तुम्ही स्वतःचीच चूक शोधत राहिलात.

गुरुवारी संध्याकाळी तुमचा चेहरा पाहवत नव्हता. मशीनचं पुस्तक दहा वेळा उलटंसुलटं वाचून झालं होतं. शेवटी कागद ओढून चार ओळी लिहिल्यात आणि मला वाचून दाखवल्यात. "पाटी बसवताना माझ्या हातून हयगय झाली, दोष मशीनचा नाही, मशीन ठेवावं, मला साहेब म्हणतील तिथं पाठवावं." वाचून म्हणालात, "शनिवारची वाट कशाला बघायची? निदान मशीन तरी राहील, आणि तुझी नोकरी." जीभ झडली होती का माझी? तुम्ही कागद घेऊन साहेबांच्या खोलीत गेलात आणि मी घरी आले.

शुक्रवारी तुमच्या आधी पोचले. स्पिरिटच्या बोळ्यानं ते दात एकेक करून घासले. मेणाचा थर निघाला. पाटी बसवली, तुम्ही शिकवलेत तसे खटके लावले, बटण दाबलं, आणि दिवे धावायला लागले. तुम्ही आलात, दारातच थांबलात. "कसं झालं गं?" "काय की सर. आपोआप." तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, "तुझ्या हाताला गुण आहे, बाई."

मला वाटलं, चालू झालं म्हणजे सगळं मिटलं. पण साहेब म्हणाले, काल चालत नव्हतं, आज एका पोरीनं चालवलं, म्हणजे तुम्हालाच येत नव्हतं. आणि लिहून तर तुम्हीच दिलंय. सोमवारपासून तुम्ही गोदामात. सुताच्या गाठी मोजताना तुम्हाला खिडकीतून पाहायची मी. पुढं तुमच्या खुर्चीवर मला बसवलं. बसले. दर दिवाळीला तुमच्या घरी फराळ घेऊन यायचे, आज सांगायचंच असं ठरवून. वहिनी चहा ठेवायच्या, तुम्ही मशीनबद्दल विचारायचात, आणि मी यादी किती भराभर निघते तेच सांगून परत यायचे.

सर, ते मेण मला शुक्रवारी सापडलं नव्हतं. बुधवारी दुपारीच, नळावर तोंड धुताना कपाळावरचं कुंकू हाताला आलं आणि खाली मेण तसंच चिकट राहिलं, तेव्हाच समजलं होतं. त्यानंतर तुम्ही दीड दिवस तारा चाचपत होतात आणि मी शेजारी बसून कार्डांना भोकं पाडत होते. हा कागद आता कुणाला देऊ? वहिनींना देण्याची छाती नाही. आणि एक सांगते. तुम्ही गेल्याचा निरोप आला, मी तुमच्या दारात हमसून हमसून रडले, वहिनींनीच मला जवळ घेतलं. पण निरोप कानावर पडला त्या क्षणी, सर, मला आधी वाटलं, सुटले.